लोणी मी खाल्लं होतं

मित्रांनो, मी चारठाण्यातला एक म्हातारा होत चाललेला कुत्रा आहे आणि मी एकदा चोरी केली आहे. कुत्र्याने चोरी केली तर त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या चोरीची शिक्षा दुसऱ्याच कुणाला तरी झाली. ती होताना मी तिथेच पडलो होतो आणि मला सगळं कळत होतं. म्हणून आज हे सांगतो आहे.

माझा जन्म देवगाव फाट्यावर झाला. तिथे एका पंक्चरच्या दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग होता. त्यातल्या एका टायरात आईने आम्हा पाच भावंडांना ठेवलं होतं. गुरुपादअप्पा सेलूहून दुकानाचा माल घेऊन परत येत होते. त्यांच्या मोटारसायकलच्या चाकातली हवा गेली. चाक दुरुस्त होईपर्यंत ते आमच्याकडे बघत बसले आणि निघताना त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं. चारठाण्यापर्यंत मी पिशवीतून फक्त डोकं बाहेर काढून वारा खात आलो.

अप्पांचं किराणा दुकान आहे. दुकानामागे घर, घरामागे अंगण आणि अंगणात एक म्हैस. घरात अप्पा आणि बसम्माअक्का असे दोघेच. मुलगी त्रिवेणी लग्न होऊन लातूरला गेलेली. पहिल्या दिवशी अक्कांनी माझ्यापुढे ज्वारीची कोरडी भाकरी टाकली. मी तिला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मग त्यांनी ती दुधात कुस्करली आणि मी ताटली चाटून पुसून साफ केली.

"अगं, हा तर नवाब हाय!" अप्पा हसून म्हणाले. तेच माझं नाव पडलं.

मी कामचुकार नव्हतो, हे मात्र सांगतो. गोदामात गव्हाच्या पोत्यांना घुशी लागल्या होत्या, त्या मी एका पावसाळ्यात संपवल्या. वानरांची टोळी छपरावर उतरली की मी एकटा तिला जुन्या देवळापर्यंत पिटाळत नेई. "नवाब हाय तवर कुलपाची गरज न्हाई," असं अप्पा गिऱ्हाइकांना सांगत. ते ऐकताना मी मुद्दाम डोळे मिटून पडत असे.

आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे सरजाबाई राहते. तिचा मुलगा बजरंग आणि सून ज्ञानेश्वरी दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्यात परततात. तोवर ती एकटी असते. चार शेळ्या आणि सात-आठ कोंबड्या, एवढाच तिचा संसार. गल्लीतल्या लहान लेकरांना शेळीचं दूध तिच्याकडूनच जातं.

मी तिच्या कोंबड्यांच्या मागे लागायचो. मारल्या कधीच नाहीत, पण त्या ओरडत उडाल्या की मला मजा वाटायची. मग सरजाबाई हातात काठी घेऊन गल्लीत उभी राही आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडे, "थांब मुडद्या, एक दिवस तुझं तोंड कायमचंच बंद करते बघ!"

हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण एक गोष्ट कुणीच पाहिलेली नव्हती. रोज सकाळी तिची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती भिंत पडलेली होती त्या जागेतून हात पुढे करी आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरी. "खा. आन् कोंबड्याच्या वाटंला जाऊ नको," असं हळूच म्हणे. मी खात असे, आणि दुपारी पुन्हा कोंबड्यांच्या मागे लागत असे.

गेल्या हिवाळ्यात त्रिवेणीताई बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी अक्का आठ दिवस साय साठवत होत्या. एका दुपारी त्यांनी ती घुसळली आणि किलोभर लोणी काढून पातेल्यात ठेवलं. तेवढ्यात पुढच्या दाराशी कुणीतरी हाक मारली. अक्का गेल्या. मागच्या दाराची कडी लावायची राहिली.

मित्रांनो, मला भूक नव्हती. दुपारची दूधभाकरी खाऊन झाली होती. तरी मी आत गेलो. पातेल्यावरचं ओलं फडकं नाकाने बाजूला केलं. पहिला घास घेतला तेव्हा वाटलं, एवढंच. दुसऱ्याला वाटलं, आता एवढंच. मग पातेलं रिकामं झालं आणि मी त्याचा तळ चाटत होतो.

अक्का आल्या. त्यांनी पातेलं पाहिलं, माझ्या मिशा पाहिल्या. माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग खाली बसून कपाळाला हात लावला आणि शेवटी हसल्याच.

"मेल्या, आठ दिवसाची साय! आता अप्पाला काय सांगू? कडी लाव, कडी लाव म्हणून रोज सांगतेत. तुलाबी मारतील आन् मलाबी बोलतील."

त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. अप्पा जेवायला आले तेव्हा त्या म्हणाल्या, "लोण्याला मांजरीनं तोंड लावलं. टाकून दिले."

माझ्यासाठी कुणी खोटं बोलल्याची ती पहिलीच वेळ होती. मी खाटेखाली शेपूट हलवत पडलो होतो. तेव्हा मला फार बरं वाटलं, हे आठवलं की आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांनी ताटली ठेवली. मी उठून गेलो, वाकलो, आणि दुधाचा वास नाकात शिरताच पोट आतून पिळवटलं. मी मागे सरकलो. अक्कांना वाटलं, नवाबाचे नखरे चालले आहेत. त्यांनी भाकरी आणखी बारीक कुस्करली, वर गुळाचा खडा ठेवला. मी तोंड फिरवलं. भूक कशी लागते हेच मी विसरून गेलो होतो. भाकरी मला मातीच्या ढेकळासारखी दिसत होती.

सकाळपर्यंत मला तीनदा उलटी झाली. पोटात निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं. पुढचे पाय लांब पसरून छाती जमिनीला टेकवली आणि मागचा भाग वर ठेवला की थोडा आराम पडायचा. मी तसाच उभा राहिलो. अंगणामागच्या गल्लीपलीकडे राहणारे बन्सीधर दात घासत होते. ते हसून म्हणाले, "अप्पा, तुमचा नवाब पाया पडायलाय बघा!"

मी कसाबसा भिंतीपाशी गेलो. सरजाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"काय झालं रे? असा का थरथरायलास?" तिने नेहमीच्या तुकड्याऐवजी बाजरीची चतकोर भाकरी पुढे केली. "खा जरा. पोटात काई असलं की बरं वाटतंय."

मला खायची इच्छा नव्हती. पण तिच्या हातातली भाकरी नाकारणं मला जमेना. मी ती दातांत धरली, आमच्या अंगणात आणली आणि गोठ्यापाशी टाकली. तिथेच मला चौथी उलटी झाली आणि मी आडवा पडलो.

अप्पा धावत आले. त्यांनी मला पाहिलं, शेजारची भाकरी पाहिली.

"ही बाजरीची हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं तर ज्वारीचीच होते. कोण टाकली ही?"

बन्सीधर तोवर आत आले होते. ते म्हणाले, "परवाच न्हाई का सरजाबाई म्हणाली, तोंड बंद करते म्हणून? मी माझ्या कानानं ऐकलो."

अप्पा मुळात शांत स्वभावाचे आहेत. पण त्या सकाळी ते भाकरीचा तुकडा हातात धरून गल्लीच्या मधोमध उभे राहिले.

"सरजाबाई! बाहेर ये! काय कालवलीस ह्याच्यात?"

सरजाबाई दाराशी आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. "कशात काय कालवले? हे काय बोलायलाव अप्पा?"

"माझा कुत्रा मरायलाय तिकडं. ही भाकर तुझी हाय का न्हाई?"

"माझीच हाय. मी दिले. रोज देते मी त्याला."

"रोज देते! आजवर कुणी बघितलं न्हाई ते!" बन्सीधर म्हणाले.

घराघरातून माणसं बाहेर आली. सरजाबाईने सगळ्यांकडे एकदा बघितलं. "माझ्या लेकराची आण घेऊन सांगते, मी काई केले न्हाई," ती म्हणाली. अक्का मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मी पडल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, अक्का, सांगा, लोणी सांगा. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या आत वळल्या.

मी उठून ओरडायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडून नुसती लाळ गळली. त्यावर कुणीतरी म्हणालं, "बघा, फेस यायलाय. इखच हाय."

मग विषावर उतारा म्हणून अप्पांनी सांगितलं, "वाटीभर तूप पातळ करून पाजा. इख मरतंय." अक्कांनी तूप आणलं. अप्पांनी माझा जबडा उघडून धरला आणि अक्कांनी वाटी ओतली. ओतताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यामुळे अर्धं तूप माझ्या छातीवर सांडलं. उरलेलं अर्धं पोटात गेलं. त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी ओरडलो एवढं मात्र आठवतं. मग गल्लीतल्या भागवतचा टेम्पो, अक्कांची मांडी आणि लांबलचक रस्ता.

परभणीला डॉक्टर अनुपमा यांनी मला टेबलावर घेतलं. त्यांनी पोटावर बोट ठेवताच मी कळवळलो. त्यांनी रक्त काढलं, पोटावर यंत्र फिरवून पडद्यावर पाहिलं आणि मला सलाईन लावली. बऱ्याच वेळाने कागद हातात घेऊन त्या आल्या.

"काका, हे विषाचं लक्षण दिसत नाही. याच्या स्वादुपिंडाला सूज आलीय."

"ते काय असतंय?" अप्पांनी विचारलं.

"जठराजवळ एक लांबट अवयव असतो. अन्न पचवायचा रस तिथं तयार होतो. पुष्कळदा खूप तुपकट-तेलकट खाण्यात आलं की तो बिघडतो आणि तो रस तिथंच, आतच काम करायला लागतो. फार दुखतं. म्हणून हा अन्नाकडं बघत नाही. चार-पाच दिवसांत याने असं काही खाल्लं होतं का?"

"न्हाई. दूधभाकरच खातो हा," अप्पा म्हणाले.

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "लोणी खाल्लं."

"काय?"

"किलोभर. मांजरीनं न्हाई, ह्यानंच खाल्लं. मी कडी लावायची विसरले. मला वाटलं, लोण्यानं काय व्हतंय."

अप्पा त्यांच्याकडे वळले. "आन् तरी तू आज तूप पाजलीस?"

"तुमी इख इख म्हणायलाव. सगळी गल्ली म्हणायली. मला वाटलं, असंलबी खरं. आन् तिथं बोलले असते तर... माझ्याच्यानं बोलवलं न्हाई."

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. "काकू, आत्ता सांगितलंत ते फार बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. पण अप्पा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि डोकं धरून राहिले. मला काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

मला तिथे सहा दिवस ठेवलं. सुया, सलाईन, दुखण्याची औषधं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाण्यात शिजवलेला मऊ भात चमच्याएवढा पुढे ठेवला. तेल नाही, तूप नाही, दूधही नाही. मी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी पाहिलं, पण खाल्लं नाही. अक्का रोज टेम्पोने किंवा एसटीने येत, माझ्यापुढे मांडी घालून बसत आणि बोटावर भाताचं एक शीत घेऊन माझ्या नाकाशी धरत. "खा रे राजा. मी चुकले. तू खा," असं म्हणत. चूक माझी होती आणि माफी त्या मागत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी मला भाताचा वास भाताचाच आला. मी त्यांच्या बोटावरचं शीत चाटलं. त्या एवढ्या रडल्या की डॉक्टर आतून धावत आल्या.

मी घरी आलो. गल्लीतली मुलं मला बघायला जमली. सरजाबाईचं दार मात्र लावलेलं होतं. तिच्या शेळ्या भरपूर दूध देत होत्या, पण भांडं घेऊन कुणी येत नव्हतं. ज्यांच्या घरात तान्ही लेकरं होती त्यांनीच आधी दूध बंद केलं होतं. भिंतीपलीकडून मला तिचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. "न्हाई रे बजरंग, सगळं बरं हाय. दूध जातंय की समदं. तू कोयता जपून चालव." फोन ठेवला की ती उरलेलं दूध शेळीच्याच करडांपुढे ओती.

अप्पा म्हणत, "उद्या बोलतो." दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असे. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. चौथ्या दिवशी अक्का उठल्या आणि एकट्याच सरजाबाईच्या घरात गेल्या. मी मागोमाग गेलो आणि दाराबाहेर थांबलो.

"सरजाबाई, लोणी खाल्लं व्हतं त्यानं. मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी गप्प बसले."

सरजाबाई जात्यावरचं पीठ गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही. "खरं बोललाव, बरं केलाव अक्का. पण माझं नाव गल्लीत घेतलं व्हतं. तुमी हे माझ्या घरात बोलायलाव. हितं कोण ऐकायलंय? मी आन् शेळ्या."

अक्का परत आल्या आणि अप्पांना तेच शब्द सांगितले. अप्पांनी गल्ल्यातून डॉक्टरांचा कागद काढला, दुकान उघडंच सोडलं आणि गल्लीत येऊन हाका मारल्या. बन्सीधरांना तर हाताला धरून आणलं.

"हा डाक्टरनीचा कागद हाय," ते म्हणाले. "कुत्र्यानं माझ्या घरातलं लोणी खाल्लं आन् तेच बाधलं. इख नव्हतं. सरजाबाईनं काई केलं न्हाई. मी तिच्यावर आळ घेतलो. मी लय चुकलो." त्यांनी कागद सगळ्यांपुढे धरला. "उद्यापासून माझ्या घरात तिचंच दूध येईल. त्रिवेणीच्या होणाऱ्या लेकरालाबी तेच पाजू."

सरजाबाई दारात उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मान हलवली आणि शेळ्या सोडायला गेली.

दूध पुन्हा सुरू झालं. आधी आमच्याकडे, मग इतर घरी. बन्सीधरांच्या घरी सगळ्यात शेवटी. पण तो सकाळचा हात पुन्हा पुढे आला नाही. मी मात्र रोज जाऊन तिच्या पायरीशी बसतो. कोंबड्या माझ्या अंगावरून जातात, मी हलत नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी ऊन फार तापलं होतं. मी जीभ बाहेर काढून बसलो होतो. सरजाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. दोन बायका ओट्यावर गहू निवडत होत्या. तिने त्यांच्यादेखत तांब्या तोंडाला लावला आणि दोन घोट स्वतः प्याली.

"बघितलाव का? मी पेले," ती त्यांना म्हणाली. मग उरलेलं पाणी तिने माझ्यापुढच्या खोलगट दगडात ओतलं.

बायकांनी माना खाली घातल्या. मी पाणी प्यालो. पाणी गार होतं. दगड कोरडा होईपर्यंत मी तो चाटला.

मित्रांनो, माझी तब्येत आता ठीक आहे. मला मऊ भात, शिजवलेला भोपळा आणि मोजून अर्धी भाकरी मिळते. तूप-लोणी, भजी, तळणाचा चुरा यांतलं काहीच नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यावरचं प्रेम तुपात मोजू नका. त्याने जेवणाकडे पाठ फिरवली, पुढचे पाय पसरून विचित्र उभा राहिला, तर हसू नका. आपल्या मनाने काही पाजू नका. डॉक्टरांकडे न्या आणि तिथे खरं ते सगळं सांगा, चूक तुमची असली तरी.

आणि तुमच्या अंगणातून कुणाचं नाव गल्लीत घेतलं जात असेल आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर उंबऱ्यातून परत आत वळू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.